वाऱ्याची मालकी

१

आमच्याकडच्या पुष्कळ गावांत महारवाडा गावाच्या पूर्वेला असे. असे का, हे मी लहानपणी वस्तीतल्या एका म्हाताऱ्याला विचारले होते. तो म्हणाला, "वारं मावळतीकडनं येतं. ते गावावरनं आपल्या अंगावर यावं, आपल्या अंगावरनं गावावर जाऊ नये, म्हणून." त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मृग केव्हा लागतो हे सांगावे तसे त्याने ते सांगितले. पुढे गावगाड्याविषयी वाचताना हेच कारण नोंदलेले मला आढळले, तेव्हा त्या साध्या वाक्यातले भयंकरपण ध्यानात आले.

पाण्याला जात चिकटवणाऱ्या व्यवस्थेविरुद्ध बाबासाहेबांनी १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर संगर उभा केला. जमिनीसाठी दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले आणि हजारो, लाखो माणसे तुरुंगात गेली. वाऱ्यासाठी लढावे लागेल असे मात्र कुणाच्या मनात आले नाही. वारा अडवता येत नाही, साठवता येत नाही, म्हणून त्याला मालकही असू शकत नाही, असे आपण धरून चाललो. आज तो मोजला जातो, त्याचे करार होतात, त्याच्यापासून झालेली वीज विकली जाते. २०२३ साली जगातल्या पवनचक्क्यांची एकूण क्षमता दहा लाख मेगावॉटच्या पुढे गेली आणि जगात तयार झालेल्या विजेपैकी सुमारे आठ टक्के वीज वाऱ्यापासून मिळाली. भारताने मार्च २०२५ मध्ये पन्नास हजार मेगावॉटचा टप्पा ओलांडला. चीन, अमेरिका आणि जर्मनी यांच्यानंतर आपला क्रमांक लागतो.

ह्या वाढीचा इतिहास सहसा यंत्राचा इतिहास म्हणून सांगितला जातो. पाती लांब झाली, मनोरे उंच झाले, वीज स्वस्त झाली आणि मानवजातीचे कल्याण झाले, अशी त्याची मांडणी असते. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. 'मानवजात' हा शब्द उच्चारला जातो तेव्हा त्यात आपण असतो की नाही, हे तपासण्याची सवय आपल्याला इतिहासानेच लावली आहे. म्हणून मला हा इतिहास मालकीच्या अंगाने पाहायचा आहे.

२

वाऱ्यावर दळण दळण्याची कला प्रथम रुजली ती इराण आणि अफगाणिस्तान यांच्या सीमेवरील सिस्तान-खोरासान प्रदेशात. तिथे उन्हाळ्यात सुमारे एकशेवीस दिवस जोराचा वारा वाहतो. नवव्या-दहाव्या शतकातल्या अरबी ग्रंथकारांनी तिथल्या गिरण्यांचे उल्लेख केले आहेत. माती, गवत आणि लाकूड यांनी बांधलेल्या, उभ्या आसाभोवती फिरणाऱ्या अशा गिरण्या खोरासानातील नश्तिफान गावी आजही उभ्या आहेत. त्याहून जुनी एक कथा नंतरच्या इतिहासकारांनी नोंदवली आहे. सातव्या शतकात खलिफा उमर यांच्यापुढे एका पर्शियन कारागिराने आपण वाऱ्यावर चालणारी गिरणी करू शकतो, असे सांगितले, अशी ती कथा. तिच्या खरेपणाविषयी अभ्यासकांना शंका आहे. पण कथेतला तो कारागीर गुलाम होता, हे मला महत्त्वाचे वाटते. हाताला कौशल्य आहे आणि देहावरही हक्क नाही, अशा माणसापासून पवनचक्कीची परंपरा स्वतःची आठवण सांगू लागते. चामड्याला, लाकडाला, लोखंडाला आकार देणाऱ्या आपल्या जातींना ही ओळख परकी वाटणार नाही.

युरोपात पवनचक्की आली ती बाराव्या शतकात. ती आली आणि लगेच मालकीचा तंटा सुरू झाला. इंग्लंडमधील बरी सेंट एडमंड्स येथील मठातल्या जॉसेलिन नावाच्या साधूने लिहिलेल्या बखरीत ११९१ सालचा एक प्रसंग आहे. हर्बर्ट नावाच्या डीनने आपल्या जमिनीवर पवनचक्की बांधली. ते ऐकून मठाधिपती सॅमसन इतका संतापला की त्याला अन्न जाईना. ती गिरणी पाडून टाकण्यासाठी सुतार पाठवण्याचा त्याने हुकूम सोडला. हर्बर्ट धावत आला. त्याचे म्हणणे असे होते की वाऱ्याचा लाभ कुणालाही नाकारता येत नाही. शिवाय मी तिच्यावर फक्त माझेच धान्य दळणार आहे. मठाधिपतीने ते मानले नाही. शहरातले लोक तुझ्या गिरणीवर दळायला येतील, ते स्वतंत्र नागरिक असल्यामुळे मला त्यांना शिक्षाही करता येणार नाही आणि माझ्या गिरण्यांचे उत्पन्न बुडेल, हा त्याचा हिशेब होता. शेवटी हर्बर्टने मठाची माणसे येण्याआधी आपल्या हाताने आपली गिरणी उतरवली.

ह्या प्रसंगाचे मर्म नीट पाहिले पाहिजे. मठाधिपतीने वाऱ्यावर मालकी सांगितली नाही. ते त्याला जमणारही नव्हते. त्याने गिरणी ठेवण्याच्या अधिकारावर मालकी सांगितली. सरंजामी युरोपात रयतेने मालकाच्याच गिरणीत दळावे आणि दळणावळ म्हणून धान्याचा हिस्सा तिथे ठेवावा, असा दंडक होता. गिरणी पाण्यावरची असो की वाऱ्यावरची, नियम तोच. पोप तिसरा सेलेस्टाइन याने त्याच दशकात पवनचक्कीच्या उत्पन्नावरही धर्मसंस्थेचा दशांश द्यावा लागेल, असा निर्णय दिला. निसर्गाने दिलेली वस्तू मोफत होती आणि तिच्यापर्यंत पोचणारी वाट मालकीची होती.

ह्या दंडकातून सुटण्याचा गरिबाचा एकच उपाय होता, घरचे जाते. म्हणून जात्यावरच घाव पडला. सेंट ऑल्बन्सच्या मठाने चौदाव्या शतकात गावकऱ्यांची जाती जप्त केली आणि त्यांच्या तळ्या मठातल्या एका दालनाच्या फरशीत बसवल्या. १३८१ साली इंग्लंडमध्ये शेतकऱ्यांचा उठाव झाला, तेव्हा त्या गावचे लोक मठात घुसले. त्यांनी ती फरशी उखडली आणि दगडाचे तुकडे आपापसांत वाटून घरी नेले. आपल्या बायांनी पहाटे ज्या जात्यावर आयुष्य दळले, ते जाते आपल्याला कष्टाची खूण वाटते. त्या गावाला ते हिरावलेल्या स्वातंत्र्याची खूण वाटले. वस्तू तीच असते. ती कुणाच्या हुकमतीत आहे, यावरून तिचा अर्थ ठरतो.

३

पवनचक्कीने ज्या देशाला आकार दिला तो देश म्हणजे हॉलंड. पंधराव्या शतकाच्या आरंभापासून तिथे पाणी उपसण्यासाठी पवनचक्क्या वापरल्या गेल्या. १५९४ साली कॉर्नेलिस कॉर्नेलिसझोन ह्या माणसाने वाऱ्यावर चालणारी लाकूडकापणीची गिरणी तयार केली. १६१२ साली बेमस्टर नावाचे मोठे सरोवर चाळीसहून अधिक पवनचक्क्यांनी कोरडे केले गेले आणि त्याचा पैसा अॅमस्टरडॅमच्या व्यापाऱ्यांनी पुरवला. झान नदीच्या काठी शेकडो पवनचक्क्या लाकूड कापत, तेल गाळत, कागद करत. कापलेल्या फळ्यांची जहाजे होत आणि ती जहाजेही वाऱ्यावरच जगभर जात. डच समृद्धीचा तो सुवर्णकाळ. त्या जहाजांपैकी कित्येक आफ्रिकेतली माणसे गुलाम म्हणून भरून अटलांटिकपार नेत असत, हे त्या सुवर्णकाळाच्या वर्णनात पुष्कळदा तळटीप होऊन राहते.

त्या माणसांचे पुढे काय झाले, हे पाहण्यासाठी कॅरिबियन समुद्रातल्या बार्बाडोस बेटाकडे जावे लागते. ह्या इंग्रज वसाहतीत सतराव्या शतकाच्या मध्यापासून उसाची लागवड फोफावली. तिथे पूर्वेकडून बारमाही वारा वाहतो. त्यामुळे प्रत्येक मोठ्या मळ्यावर ऊस गाळण्यासाठी दगडी पवनचक्की उभी राहिली. जेमतेम चारशेतीस चौरस किलोमीटरच्या त्या बेटावर एकोणिसाव्या शतकात पाचशेच्या आसपास पवनचक्क्या होत्या. आजच्या भाषेत बोलायचे तर हा 'स्वच्छ ऊर्जे'वर चालणारा उद्योग होता. त्यात कोळशाचा धूर नव्हता. चरकात ऊस सरकवणारे हात मात्र गुलामांचे होते. वारा जोराचा असला की चरक थांबवता येत नसे. रात्रपाळीत थकलेल्या बाईचा हात उसाबरोबर आत ओढला गेला, तर तो तोडता यावा म्हणून कॅरिबियन मळ्यांवर चरकाशेजारी कुऱ्हाड ठेवत असत.

१८३३ साली ब्रिटिश संसदेने गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा केला. त्या कायद्याने दोन कोटी पौंडांची भरपाई ठरवली आणि ती गुलामांच्या मालकांना मिळाली. ज्यांचे हात तुटले त्यांना काही मिळाले नाही. उलट त्यांना आणखी काही वर्षे उमेदवारीच्या नावाखाली त्याच मळ्यांवर राबावे लागले. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला, तेव्हा त्यांना शूद्रातिशूद्रांची आणि त्या मळ्यांवरच्या माणसांची नाळ एकच दिसत होती. ती दृष्टी घेऊन बार्बाडोसच्या पवनचक्कीकडे पाहिले की एक गोष्ट स्पष्ट होते. ऊर्जा स्वच्छ असल्याने समाज स्वच्छ होत नाही. वाऱ्याने गुलामाचे ओझे हलके केले नाही. त्याने चरकाचा वेग वाढवला आणि त्या वेगाला गुलामाने पुरे पडावे लागले.

४

वाऱ्यापासून वीज करण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाच वर्षांच्या आत तीन ठिकाणी झाले. ह्या तिन्हींची तुलना करण्याजोगी आहे.

१८८७ साली स्कॉटलंडमधील मेरीकर्क गावी जेम्स ब्लाइथ ह्या प्राध्यापकाने आपल्या घराच्या बागेत पवनचक्की उभारून घरात दिवे लावले. उरलेल्या विजेवर गावचा रस्ता उजळावा, असे त्याने सुचवले. गावाने ते सैतानाचे काम म्हणून नाकारले. त्याच हिवाळ्यात अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरी चार्ल्स ब्रश ह्या धनाढ्य संशोधकाने आपल्या हवेलीमागे १४४ पात्यांचे अवाढव्य यंत्र बसवले. त्याची शक्ती बारा किलोवॉट होती. तळघरात बॅटऱ्या होत्या आणि त्यांवर हवेली झगमगत होती. हवेलीच्या भिंतीपलीकडे त्या विजेचा काही संबंध नव्हता.

तिसरा प्रयत्न १८९१ साली डेन्मार्कमधील आस्कोव्ह गावी झाला. तो पॉल ला कूर ह्या शिक्षकाचा. ला कूर ज्या शाळेत शिकवत होता ती 'लोकविद्यालय' म्हणून ओळखली जाई. ही विद्यालये कशातून निघाली, हे समजून घेतले पाहिजे. डेन्मार्कचा शेतकरी १७८८ पर्यंत कायद्याने जमीनदाराच्या गावाशी बांधलेला होता. त्याला गाव सोडता येत नसे. त्या बंधनातून सुटलेल्या शेतकऱ्यांच्या मुलांना लॅटिनऐवजी स्वतःच्या भाषेत, परीक्षांशिवाय शिक्षण मिळावे, ह्या विचारातून १८४४ पासून अशी विद्यालये सुरू झाली. ग्रुंटविग हा त्या विचाराचा प्रणेता. ला कूरला दिसत होते की वीज शहरांना मिळेल, कारखाने तिथे जातील आणि खेडी ओस पडतील. म्हणून खेड्याला स्वतःची वीज हवी. त्याने शाळेच्या आवारात पवनचक्की उभारली. वाऱ्याच्या विजेने पाण्यातून हायड्रोजन वेगळा करून त्यावर शाळेचे दिवे लावले. पाती किती असावीत, त्यांचा कोन कसा असावा, याचे प्रयोग केले. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे १९०४ पासून त्याने खेड्यातल्या मुलांना वीजतंत्री करण्याचे वर्ग चालवले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस डेन्मार्कच्या ग्रामीण भागात वाऱ्यावर चालणारी सुमारे १२० लहान वीजकेंद्रे होती.

ह्या वर्गात शिकलेल्या मुलांपैकी योहानेस यूल ह्याने पुढे १९५७ साली गेसर येथे दोनशे किलोवॉटची, तीन पात्यांची पवनचक्की उभी केली. ती फारशा दुरुस्तीशिवाय दहा वर्षे चालली. आज जगभर दिसणाऱ्या तीन पात्यांच्या पवनचक्कीचे कूळ तिच्यापाशी पोचते. ब्रशच्या हवेलीतले यंत्र कुतूहलाचा विषय होऊन संपले आणि शाळेतल्या यंत्राला वंश लाभला. ज्ञान ज्याने वाटले त्याचे यंत्र टिकले, असा अर्थ मी त्यातून काढतो.

५

त्यानंतर स्वस्त तेलाचा काळ आला आणि वारा विसरला गेला. १९७३ साली अरब राष्ट्रांनी तेल रोखले आणि भाव चौपट झाले, तेव्हा जगाला त्याची पुन्हा आठवण झाली. अमेरिकेने विमाने आणि अंतराळयाने बनवणाऱ्यांना कामाला लावले. पश्चिम जर्मनीने तीन मेगावॉटचे 'ग्रोव्हियान' नावाचे यंत्र १९८३ साली उभारले. त्या वेळचे ते जगातले सर्वांत मोठे यंत्र होते. थोडेच तास चालून ते बंद पडले आणि काही वर्षांतच उतरवावे लागले.

डेन्मार्कमध्ये मात्र हे काम सुतार, लोहार आणि शिक्षक यांनी हाती घेतले. क्रिस्टियान रीसागर नावाच्या सुताराने गेसरच्या नमुन्यावर लहान यंत्र करून ते विजेच्या जाळ्याला जोडले. कार्ल एरिक योर्गेन्सन हा लोहार आणि हेन्रिक स्टीसडाल हा तरुण यांनी केलेल्या यंत्राचा आराखडा १९७९ साली एका शेती-अवजारांच्या कारखान्याने घेतला. पुढे तो कारखाना जगातल्या सर्वांत मोठ्या पवनचक्की कंपन्यांपैकी एक झाला. त्व्हिंड येथील शाळेत शिक्षक, विद्यार्थी आणि स्वयंसेवक यांनी १९७५ पासून तीन वर्षे खपून उंच मनोऱ्याची पवनचक्की बांधली. १९७८ साली ती सुरू झाली. अणुवीज नको असेल तर पर्याय दाखवला पाहिजे, ही त्यामागची जिद्द होती. १९८५ साली डेन्मार्कच्या संसदेने अणुवीज योजनेतून काढून टाकली.

पण डेन्मार्कचा खरा शोध यंत्राचा नव्हता, मालकीचा होता. शेजारीपाजारी एकत्र येत, भाग विकत घेत आणि एक यंत्र उभारत. सभासद त्याच परिसरात राहणारा असावा आणि त्याने आपल्या घरच्या विजेच्या गरजेच्या प्रमाणातच भाग घ्यावेत, असे नियम होते. पुढे ते हळूहळू सैल झाले. विसावे शतक संपताना अशा मंडळांत एक लाखाहून अधिक कुटुंबे होती. चार कोसांवरच्या टेकडीवर फिरणारे पाते आपले आहे, असे शाळामास्तर, परिचारिका, गवंडी यांना म्हणता येत होते.

इथे मी थोडा थांबतो, कारण 'सहकार' हा शब्द ऐकला की आपल्या वाचकाच्या कपाळावर आठी चढते. ती रास्त आहे. महाराष्ट्रात १९५० नंतर सहकारी साखर कारखाने उभे राहिले. त्यांचा सभासद होण्यासाठी उसाचे शेत लागे. शेत ज्या जातींकडे होते त्यांचा सहकार झाला आणि ज्यांच्याकडे कोयता होता ते बैलगाडी घेऊन फडावर गेले. डेन्मार्कमधल्या जुन्या दूधसंघांतही ज्याच्या दावणीला गाय नाही त्याला जागा नव्हती. पवनचक्कीच्या मंडळांत सभासदत्व कशावरून ठरले, तर जमिनीवरून नाही. राहण्यावरून आणि गरजेवरून ठरले. हा फरक बारीक वाटेल, पण सगळा प्रश्न त्यात सामावलेला आहे. तरी भाग विकत घ्यायला पैसा किंवा कर्ज लागतेच. ज्याला बँक दारात उभी करत नाही त्याच्यासाठी तोही अडसर आहे, हे विसरता कामा नये.

ह्याच सुमारास अमेरिकेतील कॅलिफोर्नियात दुसरी तऱ्हा चालू होती. तिथे करसवलतीच्या लोभाने श्रीमंतांनी अल्टामाँट, तेहाचापी, सॅन गोर्गोनियो ह्या खिंडींत हजारो यंत्रे रोवली. वीज किती झाली यापेक्षा कर किती वाचला याला महत्त्व आले. पुष्कळ यंत्रे कमअस्सल निघाली. १९८५ च्या अखेरीस संघराज्याची सवलत संपली आणि ती लाट ओसरली. ह्या दोन तऱ्हांपैकी आपण कोणती उचलली, ते पुढे येईलच.

६

१९९१ नंतर वाढीचा वेग बदलला. त्या वर्षी जर्मनीने वाऱ्याची वीज ठरावीक दराने घेण्याचे बंधन वीज कंपन्यांवर घातले. त्याच वर्षी डेन्मार्कच्या व्हिनेबी किनाऱ्यापाशी जगातली पहिली समुद्रातली पवनकेंद्र-योजना सुरू झाली. अकरा यंत्रे आणि मिळून पाच मेगावॉट. आज समुद्रातले एकच यंत्र त्या सबंध केंद्राच्या दुप्पट-तिप्पट शक्तीचे असते. चीनने २००५ साली कायदा केला आणि २०१० साली अमेरिकेला मागे टाकले. हवामानबदलाचे संकट समोर असताना ही वाढ हवीच होती. कोळशाच्या खाणींनी आणि औष्णिक केंद्रांच्या राखेने कुणाची गावे गिळली, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून वाऱ्याच्या विजेला विरोध करणे ही माझी भूमिका नाही.

पण यंत्रे मोठी झाली तसे भांडवलही मोठे लागले आणि शेजाऱ्यांची मंडळे मागे पडली. २००९ पासून डेन्मार्कने नव्या प्रकल्पातले किमान वीस टक्के भाग स्थानिकांना देऊ करण्याची अट घातली होती. २०२० साली तीही गेली.

नॉर्वेतील फोसेनची हकीकत ह्या नव्या काळाची आहे. तिथे सामी ह्या आदिवासी समाजाच्या रेनडिअर चारण्याच्या कुरणांवर १५१ यंत्रांची दोन पवनकेंद्रे उभारली गेली. सामी लोकांनी न्यायालयात धाव घेतली. ११ ऑक्टोबर २०२१ रोजी नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की हे परवाने सामींच्या सांस्कृतिक हक्कांचा भंग करतात आणि म्हणून अवैध आहेत. निकाल लागला, पाती मात्र फिरतच राहिली. पाचशे दिवस उलटल्यावर सामी तरुणांनी २०२३ साली ऑस्लोत मंत्रालयांची दारे अडवली. शेवटी डिसेंबर २०२३ आणि मार्च २०२४ मध्ये तडजोडी झाल्या. यंत्रे तिथेच राहिली. जगातल्या अतिसंपन्न लोकशाहीत, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल हाती असताना एका लहान समाजाची ही गत होते. कायदा मिळणे आणि कायद्याचे फळ मिळणे यांतले अंतर आपण अॅट्रॉसिटीच्या कायद्यात रोज मोजतो. सामींना ते वाऱ्यात मोजावे लागले.

७

आता आपल्या देशाकडे येऊ. १९८६ साली सरकारने समुद्रकाठी प्रायोगिक पवनकेंद्रे उभारली. गुजरातेत ओखा, तमिळनाडूत तुतिकोरीन आणि महाराष्ट्रात रत्नागिरी. यंत्रे डॅनिश बनावटीची होती. यंत्र आपण डेन्मार्कचे घेतले, पण मालकीची तऱ्हा कॅलिफोर्नियाची उचलली. १९९० च्या दशकात पवनचक्की विकत घेणाऱ्याला तिची संपूर्ण किंमत पहिल्याच वर्षी घसारा म्हणून उत्पन्नातून वजा करता येई. पुढे हा दर ऐंशी टक्के झाला आणि २०१७ पासून चाळीस टक्के. त्यामुळे गिरणीमालक, सिमेंटवाले, बडे उद्योजक पवनचक्क्यांचे मालक झाले. कर भरण्याइतके उत्पन्न ज्याचे नाही, त्याला ह्या धोरणात शिरायला दारच नव्हते.

पवनचक्क्या डोंगरमाथ्यावरच का जातात, याचे कारण वाऱ्याच्या गणितात आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती दुप्पट होत नाही, आठपट होते. म्हणून जिथे वारा थोडा अधिक आहे अशा खिंडी आणि पठारे सोन्याच्या मोलाची ठरतात. तमिळनाडूतील मुप्पंदल, साताऱ्यातील कोयनेच्या जलाशयावरचे वनकुसवडे पठार, धुळे जिल्ह्यातील साक्रीचा माळ ही अशी ठिकाणे. ज्वारीही नीट येत नाही म्हणून ज्या जमिनीकडे गावाने ढुंकून पाहिले नाही, ती एकाएकी मौल्यवान झाली. आणि अशा जमिनीवर कोण जगत होते? गुरे चारणारा धनगर, वनजमीन कसणारा भिल्ल आणि कोकणा, गायरानात चार पांड जोंधळा पेरणारा महार, मांग, पारधी.

महसुली दप्तरात ह्या जमिनीचे नाव 'पडीक'. हा शब्द निरागस नाही. पडीक म्हणजे जिच्यावर कुणाचे नाव नाही ती. नाव नाही याचा अर्थ माणूस नाही, असा दप्तर घेते. १४ एप्रिल १९९० पूर्वीपासून गायरान कसणाऱ्या दलितांच्या नावे त्या जमिनी करण्याचा निर्णय राज्य सरकारने १९९१ साली घेतला. तरी कित्येकांची नावे सातबाऱ्यावर चढलीच नाहीत. मग पवनचक्कीसाठी जमीन हवी असते तेव्हा मोबदला नाव असणाऱ्याला मिळतो, नाव नसणारा अतिक्रमणदार ठरतो आणि त्याला काम मिळाले तर खड्डा खणण्याचे किंवा राखणीचे मिळते.

त्या राखणीविषयी लिहिणे मला टाळता येत नाही. ६ डिसेंबर २०२४ रोजी, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, बीड जिल्ह्यातील मस्साजोग येथे एका पवनऊर्जा प्रकल्पाच्या आवारात पहारा करणाऱ्या दलित सुरक्षारक्षकाला मारहाण झाली. गावचा सरपंच त्याच्या मदतीला धावला. तीन दिवसांनी त्या सरपंचाचे अपहरण करून त्याचा निर्घृण खून करण्यात आला. प्रकल्पाकडे मागितलेली दोन कोटींची खंडणी हे ह्या साऱ्याचे मूळ असल्याचे तपासयंत्रणेने न्यायालयापुढे मांडले. वर्तमानपत्रांनी ह्या प्रकरणात राजकारण पाहिले, जातीजातींतला तणाव पाहिला. मला त्यात फाटकावर उभा असलेला तो पहारेकरी दिसत राहिला. वतनदारीत वेसकर महार गावाच्या वेशीवर राखण करी आणि गावात चोरी झाली तर पहिला मार त्याला बसे. वेस गेली, तिथे लोखंडी फाटक आले. आत फिरणारे यंत्र एकविसाव्या शतकाचे आहे. फाटकावरचे माणसांचे नाते कोणत्या शतकाचे आहे?

८

बाबासाहेब १९४२ ते १९४६ ह्या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि वीज हा विषय त्यांच्याकडे होता, हे आपल्या कार्यकर्त्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. १९४३ साली युद्धोत्तर वीजधोरणाच्या समितीपुढे बोलताना त्यांनी वीज खाजगी मालकीची असावी की सरकारी, ती स्वस्त आणि मुबलक कशी होईल, हे प्रश्न उभे केले. आणि हे सारे कशासाठी, तर माणसाला दारिद्र्याच्या फेऱ्यातून सोडवण्यासाठी, हेही त्यांनी बजावले. १९४७ साली लिहिलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' ह्या निवेदनात त्यांनी पायाभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत आणि शेतजमीन जातिभेद न पाहता गावातल्या लोकांना कसायला द्यावी, अशी घटनात्मक तरतूद मागितली. त्यांच्या विचारात वीज आणि जमीन हे दोन वेगळे प्रश्न नव्हते. पवनचक्कीने त्या दोहोंची गाठ एकाच मनोऱ्याखाली घातली आहे.

ह्या सगळ्या इतिहासातून मी एवढेच म्हणतो की वाऱ्याच्या विजेतला वाटा जमिनीच्या मालकीवरून ठरता कामा नये. तो त्या वाऱ्यात राहण्यावरून ठरला पाहिजे. ज्या ग्रामसभेच्या हद्दीत मनोरा उभा राहतो, त्या हद्दीतल्या प्रत्येक घराला, मग ते गावठाणातले असो की बौद्धवाड्यातले, पाड्यावरचे असो की पालातले, विजेच्या उत्पन्नात समान हिस्सा मिळाला पाहिजे. आणि तो हिस्सा मिळवण्यासाठी त्याला पदरचे भांडवल घालावे लागता कामा नये. मनोऱ्यासाठी जागा ठरवण्याआधी त्या जमिनीवर प्रत्यक्ष कोण जगते याची पाहणी झाली पाहिजे आणि गायरान व वनहक्काचे दावे आधी निकालात निघाले पाहिजेत. आपल्या मुलांना मनोऱ्याखाली पहारेकरी म्हणून घेऊ नका असे मी म्हणत नाही. मनोऱ्यावर चढणारे तंत्रज्ञ म्हणूनही त्यांना शिकवा, असे म्हणतो. ला कूरने शेतकऱ्यांच्या मुलांसाठी जे केले, ते आपल्या शिक्षकांना आणि वसतिगृहांना अशक्य नाही.

विद्यार्थ्यांना आणि कार्यकर्त्यांना माझी एक विनंती आहे. तुमच्या तालुक्यात पवनचक्क्या असतील, तर एकदा तलाठ्याकडे जा. मनोऱ्याखालच्या गटांचे जुने-नवे सातबारे काढा. तिथे आधी कोण गुरे चारत होते, कोण पेरत होते, हे वस्तीतल्या म्हाताऱ्यांना विचारा आणि त्यांच्या शब्दांत लिहून घ्या. फाटकावर कोण उभा आहे, त्याला पगार किती आणि त्याच्या घरी वीज किती तास असते, हेही लिहा. इंग्लंडमधल्या एका मठातल्या साधूने ११९१ सालचा एका गिरणीचा तंटा लिहून ठेवला, म्हणून आज आपल्याला त्या मठाधिपतीचा हिशेब कळतो. आपल्या डोंगरमाथ्यावरचा हिशेब आपल्यालाच लिहावा लागेल.